शिमग्याच्या दिवसांत आलेला २० मार्च

गेली सहा वर्षे मी रत्नागिरीतील एका महाविद्यालयात फ्रेंच भाषेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम शिकवते. वर्गात दर वर्षी अठरा-वीस विद्यार्थी असतात. कोणाला मर्चंट नेव्हीत जायचे असते, कोणाला हॉटेल व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी दुसरी परकीय भाषा हवी असते, आणि एखादा विद्यार्थी केवळ भाषा आवडते म्हणून येतो. महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न असले, तरी विद्यापीठाचा फ्रेंच विभाग कलिन्याला, म्हणजे आमच्यापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. मुंबईत होणारी फ्रेंच नाटके, काव्यवाचने आणि पाहुण्यांची व्याख्याने आमच्यापर्यंत पोहोचतात ती केवळ छायाचित्रांतून. २०२५ च्या जानेवारीत मुलांनीच विचारले की असा एखादा दिवस आपल्याकडे का होऊ नये, आणि मी होकार दिला. त्यानंतरच्या अडीच महिन्यांत काय काय घडले ते सविस्तर लिहिते आहे, कारण किनाऱ्यावरच्या एखाद्या लहान महाविद्यालयात कोणी असा प्रयत्न करणार असेल, तर त्याला यातले काही उपयोगी पडावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दिवस ठरवायला वेळ लागला नाही. २० मार्च हा आंतरराष्ट्रीय फ्रँकोफोनी दिन, म्हणजे जगभरातल्या फ्रेंच भाषकांचा दिवस. १९७० साली याच तारखेला नायजरची राजधानी नियामे येथे एकवीस देशांनी सांस्कृतिक आणि तांत्रिक सहकार्याचा करार केला, आणि त्यातून पुढे आजची फ्रँकोफोनी संघटना उभी राहिली. या कल्पनेमागे होते ते सेनेगालचे कवी-राष्ट्राध्यक्ष लिओपोल्ड सेदार सेंघोर, ट्युनिशियाचे हबीब बुर्गिबा आणि नायजरचे हमानी दिओरी. तिघेही फ्रान्सच्या सत्तेखालून नुकत्याच मोकळ्या झालेल्या देशांचे नेते होते. ही गोष्ट मी पहिल्याच बैठकीत सांगितली. फ्रेंच म्हणजे आयफेल टॉवर आणि अत्तरे एवढ्यावर आमचा दिवस थांबू नये, असे मला वाटत होते. जगात फ्रेंच बोलणारे सुमारे ३२ कोटी लोक आहेत आणि त्यांतले फार मोठ्या संख्येने आफ्रिकेत राहतात, हे ऐकल्यावर मुलांनी भिंतीवर लावायच्या नकाशात फ्रान्स मध्यभागी ठेवण्याचा विचार स्वतःहून सोडून दिला.

परवानगीला मात्र वेळ लागला. रत्नागिरी जिल्ह्यात ‘फ्रेंच’ हा शब्द पुष्कळांच्या कानांवर प्रथम पडला तो जैतापूरमुळे. राजापूर तालुक्यातील माडबन येथे फ्रेंच तंत्रज्ञानाच्या, प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या उभारण्याचा प्रकल्प ठरला, २०१० च्या डिसेंबरात त्याचे करार झाले आणि त्याविरुद्ध या किनाऱ्यावर मोठे आंदोलन झाले. आमच्या वर्गातील काही मुलांची घरे त्याच भागातली आहेत. महाविद्यालयाच्या आवारात फ्रेंच नावाचा कार्यक्रम झाला की लोक त्याचा संबंध प्रकल्पाशी जोडतील, ही प्राचार्यांची शंका मला मुळीच गैर वाटली नाही. मी दोन पानांचे टिपण लिहून दिले. भाषा कोणत्याही कंपनीच्या किंवा सरकारच्या मालकीची नसते, असे त्यात लिहिले होतेच. पण टिपण स्वीकारले गेले ते त्यातल्या इतिहासाच्या मजकुरामुळे, असे मला वाटते. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी १६६४ साली स्थापन झाली, १६६८ साली तिने सुरतेला वखार घातली, आणि त्याच काळात राजापूरच्या बंदरातही इंग्रजांप्रमाणे फ्रेंचांची वखार होती. बार्थेलेमी कारे नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने त्या वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर प्रवास केला, आणि त्याने लिहिलेला शिवाजी महाराजांचा वृत्तान्त १६९९ साली पॅरिसमध्ये छापून आला. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी या किनाऱ्याविषयी फ्रेंच भाषेत लिहिले जात होते, आणि ते मुळातून वाचण्याची तयारी इथल्या मुलांनी करावी, हे म्हणणे प्राचार्यांना पटले.

आता अडचण उरली ती शिमग्याची. धुळवड १४ मार्चला होती आणि रंगपंचमी १९ मार्चला. कोकणात होळी पेटली म्हणजे सण संपत नाही, खरे तर तेव्हा तो सुरू होतो. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येते, मग घरोघरी फिरते, आणि मुंबईचे चाकरमानी त्यासाठी रजा काढून येतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या गावी त्या आठवड्यात पालखी होती. तारीख पुढे ढकलावी असे एकदा मनात आले. परंतु एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या परीक्षा होत्या, आणि मुलांनाही तारीख बदलायची नव्हती. त्यांनी गावाप्रमाणे तालमींचे वेळापत्रक लावले. ज्याच्या घरी ज्या दिवशी पालखी येणार, त्या दिवशी त्याला सुट्टी, असे सरळ ठरले.

कार्यक्रमात तीन गोष्टी घ्यायच्या होत्या. नाटुकले, श्रुतलेखनाची स्पर्धा आणि शेवटी खाणे. नाटुकल्यासाठी मी ला फोंतेनची कासवाची गोष्ट निवडली. ला फोंतेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच कवी, आणि त्याच्या बोधकथा फ्रान्समध्ये प्रत्येक मूल शाळेत पाठ करते. १६७८ मध्ये निघालेल्या त्याच्या दुसऱ्या संग्रहाच्या प्रारंभी तो लिहितो की यातल्या बहुतेक विषयांसाठी मी पिल्पे या भारतीय ज्ञानी पुरुषाचा ऋणी आहे. पिल्पे या नावाने युरोपात पोहोचल्या त्या आपल्या पंचतंत्राच्या कथा, पहलवी, अरबी, फारसी असा प्रवास करत. दोन पक्षी काठीची टोके चोचीत धरतात, कासव ती काठी मधोमध दातांत धरून आकाशातून जाते, आणि तोंड उघडताच खाली पडते. ही गोष्ट वर्गातल्या एकालाही सांगावी लागली नाही.

पण ती जशीच्या तशी आपली गोष्ट नाही, हे मुलांना वाचताना कळले, आणि त्या दिवसांतला सर्वांत चांगला तास मला त्यावरच्या चर्चेचा वाटतो. पंचतंत्रातले कासव, कंबुग्रीव, तळे आटते म्हणून निघतो. तिथे राहिलो तर जगणार नाही, एवढेच त्याचे कारण आहे. ला फोंतेनच्या कासवाला मात्र आपल्या बिळाचा कंटाळा आलेला आहे आणि त्याला जग पाहायचे आहे. बदके त्याला थेट अमेरिकेला न्यायचे कबूल करतात. कंबुग्रीव खालचा गलबला ऐकून हा कसला आवाज असे विचारायला तोंड उघडतो. फ्रेंच कासवाला खालची माणसे ‘कासवांची राणी’ म्हणतात, आणि होय, मी राणीच आहे, हे सांगण्याच्या नादात ते पडते. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आपलं कासव चाकरमानी आहे. पोटासाठी गेलं.” बोटीवर जायची स्वप्ने पाहणारा दुसरा म्हणाला की जग पाहावेसे वाटणे हा काही गुन्हा नाही, मग कवीने त्याला शिक्षा का केली? तासाची घंटा झाली तरी कोणी उठले नाही. शेवटी असे ठरले की निघताना कासवाने दोन्ही कारणे सांगायची.

भाषांची वाटणी मुलांनीच केली. कासव आणि बदके फ्रेंच बोलतील, आणि खालून पाहणारी गर्दी आपापल्या बोलीत बोलेल. यामुळे फ्रेंच न जाणणाऱ्या प्रेक्षकांनाही गर्दीच्या बोलण्यावरून वर काय चालले आहे ते कळणार होते. फ्रेंचमध्ये कासव, म्हणजे ‘तोर्त्यु’, स्त्रीलिंगी आहे आणि मराठीत ते नपुंसकलिंगी. त्यामुळे एकाच पात्राला बदके ‘ती’ म्हणत होती आणि गर्दी ‘ते’ म्हणत होती. आम्ही ते तसेच राहू दिले.

निवेदनासाठी मला स्पष्ट उच्चारांची व्यक्ती हवी होती. फ्रेंचमध्ये नाकातले स्वर ही शिकणाऱ्याची मोठी परीक्षा असते. ‘वँ’ म्हणजे द्राक्षाची दारू, ‘वाँ’ म्हणजे वारा, ‘वों’ म्हणजे ते जातात. नाकातला स्वर जरा हलला की अर्थ बदलतो. प्रमाण मराठीत लिहिणारे आपण अनुस्वार पाहिला की बहुधा न् किंवा म् उच्चारतो, आणि तीच सवय फ्रेंच बोलताना आडवी येते. वर्गात देवगड तालुक्यातली एक मुलगी होती. ती सहसा बोलत नसे, कारण पहिल्या वर्षी तिच्या बोलण्यावर काही जण हसले होते. एकदा तालमीत मैत्रिणीला शोधताना तिच्या तोंडून सहज “ता खंय गेला?” असे निघाले, आणि त्या ‘खंय’मधला स्वच्छ, न् चा स्पर्शही नसलेला नाकातला स्वर मी ऐकला. मी तिला तिथेच थांबवले. आधी ‘खंय’, ‘थंय’, ‘हंय’ म्हणायला लावले आणि मग ते तीन फ्रेंच शब्द. तिन्ही शब्द अचूक आले. पुढचे दोन आठवडे उच्चारांचा सराव तिने घेतला. इतर मुले तिच्याकडून मालवणी ‘खंय’ शिकली आणि तिथून फ्रेंचकडे गेली. सहा वर्षे मी हे स्वर इंग्रजीच्या आधाराने शिकवण्याचा खटाटोप करत होते, याचे मला खरोखर वाईट वाटले.

कासवाची पाठ पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची जाड आवरणे, शिवून केली. विऱ्या रात्रभर भिजवून मऊ केल्या, ओल्या असतानाच टोपलीवर ताणून बसवल्या आणि वाळल्यावर दाभणाने सुतळी ओवून टाचल्या. वाळलेल्या विरीच्या उभ्या रेघांमुळे ती पाठ लांबून थेट खऱ्या कासवासारखी दिसत होती. उडण्याचा प्रश्न अधिक नाजूक होता. दोन बदकांनी बांबू खांद्यावर घेऊन पालखीच्या चालीने नाचत यावे, असे एकाने सुचवले. कल्पना मंचासाठी उत्तम होती. पण गुहागर तालुक्यातला, स्वतः पालखी नाचवणारा एक विद्यार्थी म्हणाला की देवाची चाल खेळात घेणे त्याला बरे वाटत नाही. त्याच्यावर कोणी दडपण आणले नाही. त्याने गावच्या मानकऱ्यांना विचारले, आणि ढोल-ताशा न वाजवता नुसते पाऊल घ्यायला हरकत नाही, असे ते म्हणाले. तेवढेच घेतले.

१७ मार्चला, सोमवारी, बातमी आली की नायजरने फ्रँकोफोनी संघटनेतून बाहेर पडण्याचे ठरवले आहे. त्याच दिवशी बुर्किना फासोने आणि दुसऱ्या दिवशी मालीनेही तेच जाहीर केले. आमच्या मुख्य फलकावर मधोमध, मोठ्या अक्षरांत, ‘नियामे, १९७०’ असे रंगवून झालेले होते. मुले फलकापुढे उभी होती आणि काय करायचे ते मला विचारत होती. खोडून टाका असे मी म्हटले असते तर त्यांनी खोडले असते. पण ज्या देशात करार झाला तोच देश पंचावन्न वर्षांनी बाहेर पडतो, यामागे फ्रान्स आणि त्याच्या जुन्या वसाहती यांच्यातल्या न मिटलेल्या प्रश्नांचा इतिहास आहे, आणि तो झाकून साजरा केलेला भाषादिन मला नको होता. ‘नियामे, १९७०’च्या खाली मुलांनी लहान अक्षरांत १७ मार्चची बातमी तारखेसह लिहिली. कार्यक्रमाच्या दिवशी लोक सर्वांत जास्त वेळ थांबले ते त्याच फलकापुढे.

२० मार्चला सकाळी साडेनऊला श्रुतलेखन सुरू झाले. बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि बाकांवर खडूने लिहिलेले बैठक क्रमांक अजून पुसले गेले नव्हते. फ्रेंच भाषकांना श्रुतलेखनाचे, त्यांच्या शब्दांत ‘दिक्ते’चे, विलक्षण प्रेम आहे. तिथे ती केवळ शाळेतली कसोटी नसून मोठ्या माणसांची सार्वजनिक स्पर्धाही असते. मजकूर तीन वेळा वाचतात. पहिल्यांदा सलग, तेव्हा फक्त ऐकायचे. दुसऱ्यांदा तुकड्यातुकड्याने, विरामचिन्हांची नावे घेत, तेव्हा लिहायचे. आणि तिसऱ्यांदा पुन्हा सलग, तपासण्यासाठी. दहा ओळींचा मजकूर मी स्वतः रचला होता. मिरकरवाडा बंदरावर पहाटे ऐंशी होड्या परत येतात आणि एक आई समुद्राकडे पाहत उभी आहे, एवढाच त्याचा आशय होता.

ऐकायला सोपा वाटणारा हा मजकूर लिहायला मात्र कठीण होता. ‘मेर’ म्हणजे समुद्र आणि ‘मेर’ म्हणजे आई. उच्चार एकच, स्पेलिंग वेगळे, आणि फ्रेंचमध्ये दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे आधीच्या उपपदावरूनही काही कळत नाही. कळते ते फक्त अर्थावरून. ‘बातो’ म्हणजे होडी. अनेकवचनात तिला शेवटी एक एक्स लागतो आणि तो कोणीही उच्चारत नाही. सर्वांत मोठा पेच ऐंशीचा. फ्रेंचमध्ये सत्तरला ‘साठ-दहा’ म्हणतात, आणि ऐंशीला ‘कात्र-वँ’, म्हणजे ‘चार-वीस’. या नुसत्या ऐंशीत वीस अनेकवचनी होऊन त्याला एस लागतो, पण पुढे आणखी एखादा आकडा आला, म्हणजे एक्याऐंशी, ब्याऐंशी म्हणायचे झाले, की तो एस जातो. आपल्याकडे दिन आणि दीन, सुत आणि सूत यांतला ऱ्हस्वदीर्घ कानाला जेमतेम कळतो आणि कागदावर मात्र अर्थ फिरवतो, त्याच जातीचा हा नियम आहे. शाळेत शुद्धलेखनाच्या वहीवर लाल रेघा पाहिलेल्या मुलांना तो समजावून द्यावा लागला नाही.

पालखी नाचवणारा तो विद्यार्थी पहाटे चारपर्यंत जागून, पहिल्या एसटीने आला होता. रंगपंचमीचा गुलाल त्याच्या कानांमागे आणि नखांच्या कडांत तसाच होता. त्याच्या कागदावर तेवीस चुका निघाल्या. सतरा जणांमध्ये त्याचा क्रमांक शेवटून दुसरा आला. पहिली आली ती देवगडची मुलगी, सहा चुकांनी. त्याने मात्र आपला कागद परत मागून घेतला, प्रत्येक चूक मला विचारली, आणि ‘कात्र-वँ’पाशी बराच वेळ थांबला. ऐंशी होड्यांना त्याने एस लावला नव्हता.

नाटुकले पंचवीस मिनिटे चालले. गर्दीचा “अगो, कासवांची राणी चाललीय!” हा पुकारा झाला आणि प्रेक्षागृहात बसलेल्या आयाबाया पुढे सरकून बसल्या. कासव पडले तेव्हा विरीची पाठ जमिनीवर आपटून जो कोरडा आवाज झाला, तो तालमीत कधीच झाला नव्हता. सभागृह क्षणभर गप्प झाले. राजापूरकडच्या एका विद्यार्थिनीचे वडील नंतर माझ्याशी बोलायला आले. प्रकल्पाविरुद्धच्या मोर्च्यांत ते होते. त्यांनी कार्यक्रमाविषयी काही म्हटले नाही. त्या धर्मगुरूने महाराजांविषयी नेमके काय लिहिले आहे आणि ते मराठीत वाचायला मिळेल का, एवढे त्यांनी विचारले. मी इंग्रजी अनुवादाच्या काही पानांची प्रत त्यांना दिली, आणि मूळ फ्रेंचवरून त्या पानांचे मराठी करण्याचे काम या वर्षीच्या वर्गाने हाती घेतले आहे.

खाण्याविषयी थोडक्यात सांगते. फ्रान्समध्ये २ फेब्रुवारीला क्रेप करण्याची प्रथा आहे. गव्हाचे पीठ, दूध आणि अंडी यांचे पातळ पीठ तव्यावर फिरवून तो करतात. अंडी सर्वांना चालणार नव्हती, म्हणून मुलींनी बिडाच्या तव्यावर तांदळाचे घावन केले आणि सोबत नारळाचा गोड रस ठेवला. शेजारी एका तव्यावर थोडे क्रेप झाले. दोन्ही संपले, घावन आधी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सात जण गुहागरला गेलो. त्या पालखीवाल्या विद्यार्थ्याचे काका तिथे कासवमित्र म्हणून काम करतात. ऑलिव्ह रिडले माद्यांनी घातलेली अंडी किनाऱ्यावरून उचलून कुंपणात पुरायची, पन्नासेक दिवस राखण करायची आणि बाहेर आलेली पिल्ले मोजून समुद्राकडे सोडायची, हे ते काम. सकाळी सहाला त्यांनी एका घरट्यावरची टोपली उचलली. खाली राखाडी, ओल्या वाळूने माखलेली, तळहातात मावणारी पिल्ले एकमेकांवर चढत होती. काका पिल्लू उचलून घमेल्यात ठेवत होते आणि पुतण्या फ्रेंचमध्ये मोजत होता. एकोणसत्तरनंतर तो थोडा अडखळला, साठ-दहा, साठ-अकरा करत पुढे गेला आणि ऐंशीला त्याने मराठीत सांगितले, “काका, हे लोक ऐंशीला चार वीस म्हणतात.”

काकांनी मान वर केली नाही. “चार इसा,” ते म्हणाले. “आमची म्हातारी नारळ अशीच मोजायची.”

त्या घरट्यातून त्र्याऐंशी पिल्ले निघाली. काकांनी नोंदवहीत तारीख घालून पुढे ८३ लिहिले. वही बंद करण्याआधी पुतण्याने ती मागून घेतली आणि आकड्याखाली तीच संख्या फ्रेंचमध्ये अक्षरी लिहिली. मी वाकून पाहिले. विसाला एस लावलेला नव्हता, आणि या वेळी ते बरोबर होते.